मांड्या काचू नयेत म्हणून: वारीला किंवा लांबच्या ट्रेकला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दिंडीत पाय दुखले तर माणूस खुशाल सांगतो. गुडघा धरला, टाचेला फोड आला, पोटऱ्या भरून आल्या की शेजारचा लगेच तेलाची बाटली काढतो. मांड्या घासून सोलल्या असतील तर मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. बायका बोलत नाहीतच; पुरुषही सगळ्यांच्या मागे राहून पाय फाकवत चालत राहतात आणि कुणी विचारलं तर ‘जरा पाय आखडलाय’ म्हणतात. ट्रेकला तरुण पोरांचंही हेच.

खरं तर या दुखण्यावरचा उपाय अगदी साधा आहे. दोन-पाच रुपयांचं काम म्हणा ना. पण तो वेळेवर करावा लागतो. वेळेवर करायचा तर थांबावं लागतं, आडोसा शोधावा लागतो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ असं सोबतच्यांना सांगावं लागतं. लाजेपोटी नेमकं हेच टळतं. मग सकाळी दहाला जे नुसतं चुरचुरत होतं, त्याची दुपारी चारला साल निघालेली असते.

पुढचं सगळं पहिल्यांदाच लांब चालणाऱ्यांसाठी आहे. आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटर पायी जाणारे, जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड करणारे, राजगड-तोरणा एका दमात करायचं ठरवलेले, सगळ्यांसाठी. पायाच्या फोडांबद्दल इथे लिहिलेलं नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर सल्ला देणारे वाटेत पुष्कळ भेटतात.

काचतं कशामुळे

कोरडी कातडी कोरड्या कातडीवर घासली तर फारसं बिघडत नाही. ती ओलसर झाली की चिकटायला लागते आणि प्रत्येक पावलाला ओढली जाते. आणखी वेळ ओलीच राहिली तर वरचा थर पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो. कपडे धुऊन उठल्यावर बोटांची कातडी जशी पांढरी आणि सुरकुतलेली दिसते, तसं जांघेत होतं. फक्त तिथे ते कुणाला दिसत नाही. अशी भिजलेली कातडी थोड्याशा घर्षणानेही सुटून येते. त्यात घाम वाळला की मिठाचे बारीक कण मागे राहतात. ते कातडी आणि कापडाच्या मध्ये सापडतात आणि घासत राहतात. रस्त्यावरची धूळ आणि घाटातली लाल माती आहेच.

आता हिशोब करा. ७० सेंटीमीटरचं पाऊल धरलं तर २० किलोमीटरला साधारण २८ हजार पावलं पडतात. म्हणजे मांडीला मांडी तितक्या वेळा लागते. चड्डीची एखादी जाड शिवण दिवसभर घरी बसून जाणवणार नाही, पण २८ हजार वेळा घासल्यावर ती जाणवणारच.

काचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मांड्यांची आतली बाजू, जांघा, दोन्ही कुल्ल्यांच्या मधली घडी, काखा, छातीखालची घडी आणि ब्राचा पट्टा, कमरेवर नाडी किंवा इलॅस्टिक बसतं ती रेघ, सॅकच्या पट्ट्यांखालचे खांदे आणि कंबर. पुरुषांची स्तनाग्रंही काचतात. ओला टी-शर्ट दिवसभर घासला तर तिथून चक्क रक्त येतं. ऐकून हसू येतं, पण लांब पल्ल्याच्या धावपटूंना हा अनुभव नवा नाही.

जाड माणसालाच हा त्रास होतो असा एक समज आहे. शरीराला घड्या जास्त असतील तर धोका वाढतो हे खरं, पण व्यायामाने मांड्या भरलेल्या सडपातळ पोरांनाही काचतं. काटकुळ्यांच्या मांड्या एकमेकींना लागत नाहीत. त्यांना मग सॅकचा कमरपट्टा हाडावर काचतो.

वारीच्या वाटेवर एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुण्यातून दिवे घाट चढून सासवडपर्यंत बहुधा पाऊस, भुरभुर, ढगाळ हवा असते. जेजुरी, लोणंद मागे टाकून फलटण, माळशिरसच्या बाजूला गेलं की मुलूख कमी पावसाचा. तिथे ऊन आणि घाम. म्हणजे सुरुवातीला पावसाने काचतं आणि पुढे घामाने. पहिले चार दिवस निभावले म्हणून मलमाची डबी पिशवीच्या तळाशी टाकून देऊ नका.

पहिली पायरी: कपडे, आणि तेही महिनाभर आधी

सगळ्यात मोठा फरक पडतो तो आतल्या कपड्याने. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, अंगासरशी बसणारी शॉर्ट हवी. सायकलिंग शॉर्ट म्हणून मिळते ती किंवा लांब पायाची ट्रंक. त्यामुळे कातडीला कातडी लागत नाही, कापडाला कापड लागतं. घेताना दोन गोष्टी बघा. जिथे मांड्या एकमेकींना लागतात त्या जागेच्या खाली दोन-तीन बोटं तरी तिची कड यायला हवी. कड नेमकी त्याच जागी संपत असेल तर ती कडच कापत जाईल. दुसरं, दुकानातच चार उठाबशा काढून बघा. पाय वर सरकून गुंडाळला जात असेल तर ती परत ठेवा. सायकलवाल्यांची आत गादी शिवलेली शॉर्ट मात्र घेऊ नका. ती गादी पाणी धरून ठेवते.

नेहमीची, जांघेत घट्ट इलॅस्टिक असलेली छोटी चड्डी लांब चालायला सर्वात वाईट. इलॅस्टिकची कड नेमकी जांघेच्या घडीत बसते. जीन्सबद्दल तर लिहायची वेळ येऊ नये, पण दर पावसाळ्यात सह्याद्रीत भिजलेल्या जीन्समध्ये घाट चढणारे दिसतातच.

सुती की सिंथेटिक? ट्रेकिंगवाले सुती कपड्याला सरसकट नावं ठेवतात. अर्धं खरं आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं आणि लवकर वाळत नाही. अंगाला घट्ट बसणारं सुती कापड ओलं झालं की हमखास काचतं. म्हणून आतला कपडा पॉलिएस्टर किंवा नायलॉन आणि लायक्राचा असावा, शिवणी सपाट असाव्यात. पण बाहेरचा कपडा सैल आणि पातळ सुती असेल तर उन्हात काही बिघडत नाही. जुने वारकरी धोतर नाहीतर पायजम्याखाली पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी घालतात ना, तिच्यामागे अक्कल आहे. लांब पाय, घेर मोठा, इलॅस्टिक नाही, वारा खेळता. भर पावसात तिचं काही खरं नाही, पण कोरड्या दिवसांत ती दुकानातल्या महागड्या ट्रंकपेक्षा वाईट म्हणता येणार नाही.

बायकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांना कुणी सांगत नाही. सहावारी आणि परकरात मांड्या उघड्याच एकमेकींवर घासतात. परकराच्या आत सायकलिंग शॉर्ट घातली की निम्मं काम झालं. हल्ली दिंडीत चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी जणी घालतात, विचारून बघा. नऊवारीचा काष्टा मांड्यांच्या मध्ये येत असल्याने तिथे बरं असतं, पण मागे खोचलेला काष्टा घामाने भिजला की कुल्ल्यांच्या घडीत काचतो. आत शॉर्ट इथेही चालते. परकराची नाडी बारीक आणि करकचून बांधलेली नको. दोन बोटं रुंद पट्टी शिवून घ्या आणि रोज गाठीची बाजू बदला. लेगिंग चालेल, पण मधली शिवण हाताने चाचपून बघा. ब्रा स्पोर्ट्सची असेल तर उत्तम, हुक आणि तारवाली नको, आणि खालचा पट्टा सैल पडून वरखाली हलत असेल तर नको. घट्ट पट्ट्यापेक्षा हलणारा पट्टा जास्त काचतो.

पाळी त्या दिवसांत येणार असेल तर पॅडच्या कडा हा वेगळाच ताप. चालताना पॅड सरकतं, कडांचं प्लास्टिक जांघेत लागतं. शॉर्ट अंगासरशी असली की पॅड जागेवर राहतं. कडा जिथे लागतात तिथे आधीच व्हॅसलिन लावा आणि पॅड नेहमीपेक्षा लवकर बदला. पॅडऐवजी पाळीचा कप वापरायची सवय असेल तर प्रश्नच मिटतो, पण पहिला प्रयोग वारीत किंवा किल्ल्यावर करू नका.

जांघेतले केस वस्तऱ्याने काढून निघू नका. दोन-तीन दिवसांत खुंट येतात, ते टोचतात, आणि वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमांत घाम झोंबतो. केस त्रास देत असतील तर कात्रीने कमी करा, तेही आठवडाभर आधी.

शेवटची गोष्ट, नवा कपडा नवाच घालून निघायचं नाही. दोन-तीनदा धुवा आणि त्याच कपड्यांत, तीच पिशवी पाठीवर घेऊन दहा-बारा किलोमीटर चालून या. घामाने भिजेपर्यंत चाला. कुठे चुरचुरतं ते त्या दिवशी कळलेलं बरं.

दुसरी पायरी: लावायचं काय, किती, कधी

सकाळी निघण्यापूर्वी, कातडी पूर्ण कोरडी असताना, कपडे चढवण्याआधी लावायचं. नियम एवढाच, पण बहुतेक जण काचायला लागल्यावर पहिल्यांदा लावतात.

पेट्रोलियम जेली, म्हणजे आपलं साधं व्हॅसलिन, स्वस्त आहे आणि गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतं. बिनवासाचं घ्या. दोन बोटांवर येईल इतकं एका मांडीला, तितकंच दुसऱ्या. जांघेची घडी आणि मागची घडी विसरू नका. चोळून जिरवायचं नाही, वर थर राहू द्यायचा. हातापायाला लावतो तसं हलकं बोट फिरवून काही होत नाही. कपड्यांना तेलकट डाग पडतात, तेवढं सोसायचं.

झिंक ऑक्साइडचं मलम, म्हणजे बाळांना लंगोटाने लाल झालं की लावतात ते, माझ्या मते पावसाळ्यासाठी सगळ्यात चांगलं. ते घट्ट असतं, पाण्याने लवकर निघत नाही आणि आधीच लाल झालेल्या जागीही चालतं. पांढरं दिसतं, पण तिथे कोण बघतंय.

खोबरेल तेल चालतं, पण पातळ असल्याने घामाबरोबर तासाभरात वाहून जातं. दुसरं काही नसेल तर तेच परत परत लावा. खेळाच्या दुकानांत यासाठी खास कांड्या मिळतात, त्या वापरायला सोप्या आणि हात चिकट होत नाहीत. बजेट असेल तर घ्या, नसेल तर व्हॅसलिनवर अडत नाही.

टाल्कम पावडरबद्दल वाद होतील, तरी सांगतो. दिवसा चालताना पावडर नको. पहिला अर्धा तास छान कोरडं वाटतं, मग घामात तिचा लगदा होतो, गोळे बनतात आणि तेच गोळे घासायला लागतात. व्हॅसलिनवर पावडर शिंपडणं तर त्याहून वाईट. पावडर रात्री, अंग पुसून कोरडं केल्यावर, अखंड कातडीवर. घामोळ्यांची गारगार पावडर जांघेत लावाल तर काही मिनिटांत कळेल ती तिथे का लावत नाहीत.

स्तनाग्रांवर आणि कॉलरच्या हाडावर मायक्रोपोर पट्टी, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी, चिकटवली की भागतं. पट्टी आधी, कोरड्या कातडीवर, आणि मलम नंतर आजूबाजूला. उलटं केलंत तर पट्टी चिकटणार नाही. कोपरे कात्रीने गोल करा, म्हणजे कपड्यात अडकून सुटत नाहीत.

पाठीवरचं आणि खांद्यावरचं ओझं

सॅक हलली की काचते. कमरपट्टा कमरेच्या हाडावर बसवून आधी तो आवळा, मग खांद्याचे पट्टे. वजन कमरेवर यायला हवं. पट्ट्याखाली टी-शर्टची चुणी राहू देऊ नका; सॅक चढवल्यावर टी-शर्ट खालून एकदा ओढून सपाट करायची सवय लावा. बिनबाह्यांचा बनियन घालून सॅक घेऊ नका, पट्टा थेट कातडीवर येतो.

दिंडीत बहुतेकांचं जड सामान ट्रकमधून जातं, अंगावर एखादी झोळी असते. तिचा पट्टा दर विसाव्याला दुसऱ्या खांद्यावर घ्या. मृदंगवाल्यांची मान मात्र बघवत नाही. गळ्यातल्या पट्ट्याखाली पंचाची घडी ठेवावी, आणि ती घामाने चिंब झाली की बदलावी. नुसती ठेवून दिवसभर तशीच राहिली तर ओल्या पंचानेच काचतं. घामात तुळशीची माळही मानेवर घासते. तिच्याखाली मानेला मलमाचं एक बोट फिरवलं की पुरतं.

तिसरी पायरी: चालताना

इथेच खरी मेख आहे. पहिली चुरचुर जाणवली की थांबायचं. पुढच्या गावात बघू, चहाला थांबू तेव्हा बघू, घाट चढून झाला की बघू, हे नको. चुरचुर म्हणजे कातडी अजून शाबूत आहे. तिची साल निघायला कधी कधी तासही लागत नाही. आत्ता दहा मिनिटं थांबलात तर पुढचे तीन दिवस वाचतात.

थांबून काय करायचं? आडोशाला जा. पाण्याने भिजवलेल्या रुमालाने ती जागा पुसा, म्हणजे मीठ आणि माती निघेल. कोरड्या कपड्याने टिपा, घासू नका. मिनिट-दोन मिनिटं हवा लागू द्या. मग मलमाचा जाड थर. आतली शॉर्ट चिंब असेल तर बदला, नाहीतर निदान पिळून घाला.

दिंडीत आपला क्रम सोडून मागे राहणं नवख्याला जड जातं. पण पालखीला ठरलेले विसावे असतात, दिंड्या तेव्हा बसतात. प्रत्येक विसाव्याला, काही होत नसलं तरी, पुन्हा लावायचं असं ठरवूनच टाका. पावसात दोन तासांनी, कोरड्यात तीन-चार तासांनी. बायकांना आडोशाची अडचण सर्वात जास्त. दोघी-तिघींनी मिळून जायचं, दोघींनी लुगडं किंवा ओढणी धरायची. अंघोळीला हे सगळ्या करतातच, मलमासाठी करायला काय हरकत आहे? ट्रेकमध्ये लीडरला सकाळीच सांगून ठेवा की मला मधे थांबावं लागेल. चांगला लीडर कारण विचारत नाही.

शौचाला जाऊन आल्यावर आपण पाण्याने धुतो आणि तसेच ओले चालायला लागतो. मागच्या घडीतलं काचणं बऱ्याचदा इथून सुरू होतं. धुतल्यावर टिश्यू किंवा जुन्या मऊ सुती फडक्याने टिपून कोरडं करा, मगच चड्डी चढवा. फडकं वेगळं ठेवा, रोज धुवा. इतकी साधी गोष्ट, आणि हिने निम्म्या लोकांचा त्रास कमी होईल असं मला वाटतं.

ओढा कमरेइतका ओलांडावा लागला तर पलीकडे गेल्यावर शॉर्ट पिळून घ्या. पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर पावसाळ्यात दिवसभर कोरडं राहणं शक्यच नाही, तेव्हा तो नाद सोडा. तिथे भरवसा फक्त मलमाच्या थरावर.

आणि काचत असताना पाय फाकवून चालण्याचा हट्ट करू नका. चाल बदलली की ताण गुडघ्यावर आणि कमरेवर जातो, मग एकाचे तीन आजार होतात.

चौथी पायरी: मुक्कामी

मुक्कामी पोहोचल्यावर ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसणं बंद. आधी अंग धुवायचं. टँकरच्या रांगेत अंघोळ मिळाली नाही तर लिटरभर पाण्यात तरी जांघा, काखा, कंबर धुऊन घ्या. साबण थोडा आणि सौम्य. घड्यांमध्ये राहिला तर तोच रात्रभर झोंबतो. टिपून कोरडं करा.

झोपायचा एक कोरडा कपडा कायम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काही झालं तरी तो चालताना घालू नका. सैल लुंगी, पायजमा, गाऊन, काहीही. आत काही नको. रात्रीचे सात-आठ तास हवा लागली की कातडी आपली आपण बरीचशी सावरते.

आतले कपडे तीन जोड हवेत. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. धुताना साबण भरपूर पाण्यात काढा, कारण धुण्याच्या पावडरीचा अंश राहिला तर घामात तो कातडीला लागतो. पावसाळ्यात वाळत नाहीत ही तक्रार खरी आहे. पिळलेली शॉर्ट कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा घट्ट पिळा, पंचा बरंच पाणी ओढून घेतो. मग तंबूत दोरीवर, आणि सकाळी दमट असली तर सेफ्टी पिनने पिशवीला बाहेरून लावून चालता चालता वाळवा. लाज वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाका.

सोललंच तर

नुसतं लाल झालं असेल आणि आग होत असेल तर धुऊन, टिपून, झिंकचं मलम किंवा व्हॅसलिन लावा. दुसऱ्या दिवशी चालता येईल, पण आत शॉर्ट हवीच आणि दर तासाला बघा.

साल निघून कच्ची, ओलसर, पाझरणारी जागा दिसत असेल तर तिला जखमच समजा. हात साबणाने धुवा. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने ती जागा धुवा, नदीच्या किंवा ओढ्याच्या पाण्याने नाही. चंद्रभागेचं स्नान श्रद्धेने जरूर करा, पण उघडी जखम असेल तर ती बुडवू नका. टिपून घ्या, वर व्हॅसलिनचा थर द्या आणि त्यावर न चिकटणारी जाळी ठेवा. मेडिकलमध्ये पॅराफिन गॉज मागितलं की देतात. तिच्यावर साधा गॉज आणि कडेच्या चांगल्या कातडीवर मायक्रोपोर. चिकटपट्टी थेट सोललेल्या जागी कधीच नको, काढताना उरलेली कातडीही येईल. जांघेत पट्टी टिकत नाही, तिथे मलम आणि सैल मऊ कपडा यावरच भागवावं लागतं. पट्टी दिवसातून एकदा तरी बदला, आणि भिजली तर लगेच. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल चालते, आधीपासून कसली औषधं चालू नसतील आणि यकृताचा त्रास नसेल तर.

काय लावायचं नाही ते महत्त्वाचं, कारण वाटेत सल्ले फुकट मिळतात. स्पिरिट, आफ्टरशेव्ह, न पातळ केलेलं डेटॉल नको. झोंबतं म्हणजे गुण येतोय असं नसतं. त्याने उघडी कातडी आणखी भाजते. टूथपेस्ट नको. हळद नको, तिच्या पिवळेपणात लाली वाढते आहे की कमी होते आहे ते दिसत नाही. कापूर, पुदिना, सुगंध घातलेलं कुठलंही मलम सोललेल्या जागी नको. आणि पावडर तर मुळीच नको, ती जखमेत खपली धरून बसते.

सोललं असेल तर एक दिवस चालू नका. दिंडीचा ट्रक असतो, त्यात बसून पुढच्या मुक्कामी जा. एक टप्पा गाडीतून गेलं म्हणून वारी बुडाली असं कुणी जाणता माणूस म्हणणार नाही. सह्याद्रीत मात्र ट्रक नाही. म्हणून दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये पहिल्याच रात्री साल निघालेली असेल तर जवळच्या गावात उतरण्याची वाट कुठली हे झोपण्याआधी विचारून ठेवा.

काचणं नव्हे, तर गजकर्ण

दोन्ही जांघेत होतात, दोन्ही लाल दिसतात, म्हणून गल्लत होते. काचलेलं चालणं थांबवल्यावर दोन-चार दिवसांत बरं होऊ लागतं, त्यात खाजेपेक्षा आग जास्त. गजकर्णाची खाज जास्त, चट्ट्याची कड उठावदार आणि बहुधा गोलाकार, मधला भाग त्यामानाने बरा, आणि चट्टा पसरत जातो. ही बुरशी आहे. ओल्या कपड्यांत राहून ती काचलेल्या जागीही धरते, आणि एकमेकांचे टॉवेल, चड्ड्या वापरल्याने पसरते. दिंडीत पंचा कुणाला देऊ नका, कुणाचा घेऊ नका.

यावर दुकानदाराकडून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. अशा अनेक ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत लाली-खाज कमी होते आणि माणूस खूश होतो. आत बुरशी वाढतच राहते, पुढे औषधालाही दाद देत नाही आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे ओरखडे उमटतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची गेली कित्येक वर्षं हीच ओरड आहे. डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तितके आठवडे औषध लावा, खाज थांबली तरी मधेच सोडू नका.

डॉक्टरांकडे कधी

पू येऊ लागला, लाली रोज पसरत चालली, जागा गरम आणि कडक लागू लागली, जांघेत गाठ आली, लाल रेघ वर सरकताना दिसली, ताप आला, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी. पालखी मार्गावर जागोजागी सरकारी आणि संस्थांची औषधोपचार केंद्रं असतात, १०८ ची रुग्णवाहिका असते. तिथल्या डॉक्टरांनी सकाळपासून अशा मांड्या कितीतरी बघितलेल्या असतात, तुमच्यासाठी कुणी दचकत नाही. बाईमाणसाने महिला डॉक्टर किंवा नर्स आहे का असं सरळ विचारावं.

मधुमेह असेल तर लक्षणांची ही यादी बाजूला ठेवा. साल निघाली की लगेच दाखवा, पू येण्याची वाट बघू नका. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो, बुरशी आणि जंतू लवकर धरतात. काहींना पायाला आणि मांड्यांना संवेदनाच कमी असते, त्यांना चुरचुर जाणवतच नाही. अशांनी रोज मुक्कामी छोट्या आरशात जांघा आणि तळवे बघायचे, किंवा सोबत नवरा-बायको असतील तर एकमेकांचे.

घरी परतल्यावर ती जागा काळसर दिसेल. आपल्या रंगाच्या कातडीवर असे डाग राहतात आणि जायला काही महिने घेतात. दगडाने, वज्रीने घासू नका, गोरं करणारी क्रीमं लावू नका. नवी कातडी नाजूक असते, अंघोळीचा साबण लागल्यावर ती चुरचुरायची पूर्ण थांबेपर्यंत लांबचा ट्रेक ठरवू नका. आणि ज्या चड्डीची शिवण कडक झाली आहे, जिचं इलॅस्टिक लोंबतंय, ती धुऊन पुढच्या वर्षासाठी घडी करून ठेवू नका, तिची फरशी पुसायला फडकी करा.